बर्फात निघालेल्या लेकराला कानमंत्र

लेकरा, डिसेंबरात केदारकंठ्याला आणि जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या उंच खिंडीला जायचं ठरवलंयस, असं तुझ्या आईनं, माझ्या ताईनं सांगितलं. फार बरं वाटलं. संभाजीनगरच्या माणसाला बर्फ परका नाही. आपल्या पोलिस दलातले रफीक शेख २०१४ मध्ये एव्हरेस्टला गेले, तेव्हा खुंबूच्या हिमप्रपातात बर्फ कोसळून १६ नेपाळी कामगार गेले आणि मोहिमा थांबल्या. २०१५ मध्ये पुन्हा गेले, तर भूकंपानं सुटलेलं हिमस्खलन थेट बेस कॅम्पवर आलं. २०१६ मध्ये तिसऱ्यांदा गेले आणि माथ्यावर पोचले.

तुझे पाय मजबूत आहेत, देवगिरी आणि अंतूर तू पळत चढतेस, ते मला ठाऊक आहे. पण आपला कातळ काल जिथं होता तिथंच आज असतो. बर्फाचा उतार सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. सह्याद्रीतली वाट पाठ करता येते, बर्फातली वाट रोज नव्यानं विचारावी लागते. ते विचारायचं कसं, तेवढंच खाली सांगतो. सवयी सगळ्या लहान आहेत, त्यामुळे तुला जमतील.

निघण्याआधी, इथंच

१. गोगाबाबा टेकडीवर जा, उताराचा कोन आधी डोळ्यानं सांग आणि मग फोनमधल्या कोनमापक ॲपनं मोज – डोळा उताराच्या बाबतीत हमखास चुकतो, आणि बर्फात २५ अंश आणि ३८ अंश यांच्यामध्ये जीव असतो.

२. ट्रेक नेणाऱ्यांना फोन करून पैसे किती, हे विचारशीलच. त्याच फोनवर हेही विचार, की तीव्र उतार आडवा कुठं कापायचा आहे आणि तो धोक्याचा वाटला तर दुसरी वाट कोणती – दुसरी वाट ठरलेली नसली की माणूस पहिलीवरच हट्ट धरतो.

३. वाटाड्या त्याच खोऱ्यातला असावा – केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांकरीतल्या माणसानं समोरचा उतार लहानपणापासून पाहिलेला असतो, कुठल्या नाळेतून बर्फ उतरतो हे त्याला नकाशाशिवाय माहीत असतं.

४. हवामान निघायच्या आदल्या रात्री बघू नकोस, दोन आठवडे आधीपासून रोज बघ आणि वहीत लिही – बर्फ कधी पडला, थंडी कधी वाढली, वारा कुठून आला, ते सगळं थरांत साठून राहिलेलं असतं.

५. हवामान खात्याचं ‘मौसम’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ही दोन्ही ॲप फोनात घाल, आणि चंदीगडच्या डीजीआरईचा हिमस्खलनाचा इशारा बघत जा – संरक्षण संशोधन खात्याची ही संस्था सैनिकांसाठी आणि डोंगरातल्या लोकांसाठी हेच काम करते.

६. इशारा वाचलास तर त्याप्रमाणे वाग – २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या वरच्या माणा गावाजवळ रस्ते बांधणाऱ्या मजुरांच्या तळावर हिमस्खलन आलं, ५४ पैकी ८ जण गेले, आणि त्या भागासाठी इशारा आदल्या दिवशीच निघाला होता. जागा सोडणं मजुरांच्या हातात नव्हतं, तुझ्या तर आहे.

७. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, त्यातली तिसरी मधली आहे म्हणून तिला मध्यम समजू नकोस – तिसऱ्या पायरीवर एका माणसाच्या वजनानंही तीव्र उतार सुटू शकतो, आणि बाहेरच्या देशांत सर्वाधिक जीव याच पायरीवर गेलेत.

८. उंच खिंडीला जाशील तेव्हा प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं – ट्रान्सीव्हर गाडलेल्याची दिशा सांगतं, प्रोबची लांब काठी नेमकी जागा, आणि माणूस बाहेर येतो तो फावड्यानंच. फावडं घरी, तर जीव दुसऱ्याच्या दारी.

९. ट्रान्सीव्हर भाड्यानं मिळालं की आमखास मैदानावर कुणाला तरी ते लपवायला सांग आणि शोधायचा सराव कर – बर्फात हात थरथरत असताना बटण शोधायला वेळ नसतो.

१०. परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून निरोप धाडणारं यंत्र आणून दिलं तरी परवान्याशिवाय नेऊ नकोस – आपल्या देशात ते बेकायदा आहे, आणि डोंगरातल्या चौकीवर कौतुक होत नाही, गुन्हा दाखल होतो.

११. ताईकडे कागदावर लिहून ठेव: कुठल्या दिवशी कुठं मुक्काम, वाटाड्याचा नंबर, आणि कधीपर्यंत फोन नाही आला तर कुणाला कळवायचं – नुसतं ‘काळजी करू नको’ म्हटल्यानं आईची काळजी कमी होत नाही, कागदानं होते.

बर्फाचे थर

१२. बर्फ वरून एकसारखा पांढरा दिसतो, पण आत थरावर थर असतात. वरचा थर जाड आणि टणक आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस – माणसाला नेतो तो वरचाच थर, पण सुटतो तो खालच्या कच्च्या थरावरून.

१३. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ सगळ्यात लबाड. नोव्हेंबर-डिसेंबरात थोडा बर्फ पडतो, मग निरभ्र, कडाक्याच्या रात्री येतात – जमिनीकडची ऊब आणि वरची थंडी यांच्यात आतली वाफ वर सरकत राहते, आणि तळाचे कण मोठे, टोकदार, सुटे होतात. खळ्यातल्या ज्वारीच्या राशीवर पाय ठेवलास की काय होतं ते तुला माहीत आहे, तसा तो थर.

१४. थांबशील तिथं कडेला हातभर उकरून तळाचा बर्फ मुठीत दाबून बघ – गोळा न होता दाणे बोटांतून गळले, तर त्यावर पडणारा प्रत्येक नवा थर उधारीवर उभा आहे.

१५. चालताना पायाखाली खोल ‘धप्प’ आवाज आला आणि बर्फ किंचित बसल्यासारखं वाटलं, तर आल्या पावलांनी सपाटीला परत – आतला कच्चा थर मोडला त्याचा तो आवाज आहे. धप्प ऐकलं, पाऊल वळलं.

१६. बुटापासून बर्फात भेग पळत गेली तर तीही तीच गोष्ट सांगते – वरचा थर ताणलेला आहे आणि तुटायला तयार आहे.

१७. समोरच्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसलं तर तो फोटोचा विषय नाही – त्याच दिशेला तोंड केलेले, तेवढेच तीव्र बाकीचे उतारही त्याच अवस्थेत असतात.

१८. वाऱ्यानं दाबलेला बर्फ काठीनं ठोकल्यावर पोकळ वाजतो – असा थर मऊ बर्फावर आडवा पसरलेला असतो आणि एका जागी मोडला की सगळाच सुटतो.

उतार वाचणं

१९. ३० ते ४५ अंश हा आकडा पाठ कर – बहुतेक हिमस्खलनं या उतारांवर सुटतात, त्यातही ३८ च्या आसपास जास्त. ४५ हून बऱ्याच उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, ३० हून सौम्य उतारावर सहसा सुटत नाही.

२०. तू सपाटीवर आहेस म्हणजे सुटलीस असं नाही, वरही बघ – उतार सुटतो वर आणि येऊन थांबतो खाली, सपाटीवर. चढ पायांनी चढावा, धोका मान वर करून बघावा.

२१. देवदारांच्या जंगलात मध्येच उभी मोकळी पट्टी दिसली, किंवा खोड एकाच बाजूनं फांद्या तुटलेली दिसली, तर तिथं थांबू नकोस – बर्फाचा तो नेहमीचा रस्ता आहे.

२२. नाळेपेक्षा सोंडेवरून चढ – नाळ सगळीकडचा बर्फ एकत्र करते, आणि तिच्यात थोडा बर्फ आला तरी तो खोल गाडतो.

२३. उतार जिथं फुगीर होऊन एकदम खाली वळतो, तो टप्पा टाळ – तिथं थर ताणलेला असतो आणि भेग बहुधा तिथूनच सुरू होते.

२४. धारेवर अगदी काठानं चालू नकोस, आणि धारेखालूनही नको – वारा बर्फ धारेच्या पुढं वाढवत नेतो, त्याला गिर्यारोहक कॉर्निस म्हणतात. त्याच्या खाली दगडाचा आधार नसतो, आणि तो तू समजतेस त्याच्या बराच मागून तुटतो.

२५. उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर जास्त संशय ठेव – सूर्य कमी लागतो, त्यामुळे कच्चा थर तिथं आठवडेच्या आठवडे तसाच राहतो.

हवेची भाषा

२६. हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणणाऱ्या हवेला हवामान खातं वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतं. ती येऊन गेली की निदान पहिला दिवस तीव्र उताराकडे फिरकू नकोस – नवं वजन जुन्या थरांना अजून पेललेलं नसतं. नवा बर्फ नवा पाहुणा, आधी बसू दे, मग बोल.

२७. रात्रीत फूटभर बर्फ पडला तर बेत बदलायचा, चर्चा करायची नाही – कमी पडला पण वारा जोरात असेल, तरी हाच नियम.

२८. बर्फ पडत नसला तरी वाऱ्याकडे लक्ष दे, धारेवरून पांढरा धूर उडताना दिसेल – वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो, आणि काही तासांत तिथं मोठ्या हिमवृष्टीएवढं ओझं चढतं.

२९. आकाश निळं झालं, ऊन पडलं की सगळ्यांना चेव येतो, तेव्हाच सबुरी हवी – ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस आपल्या कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या तेव्हा पाहिलंसच, वरून पाणी थांबलं तरी भिजलेला डोंगर लगेच सावरत नाही. बर्फ पडायचा थांबला तरी उतारही लगेच सावरत नाही.

३०. एकदम ऊब वाढली किंवा बर्फावर पाऊस झाला, तर तो दिवस तळावर काढ – पाणी थरांत झिरपतं आणि पकड सुटते.

३१. उन्हाळ्यातल्या खिंडी पहाटे पार कर आणि ऊन चढायच्या आत उतरून ये – रात्री गोठलेला बर्फ सकाळी धरून ठेवतो, दुपारी सोडतो. पहाटेचा आळस, दुपारचा वनवास.

पाऊल टाकताना

३२. धोक्याचा उतार एकेकानं पार करायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची – उतार सुटलाच तर एकच अडकतो आणि काढायला बाकीचे शिल्लक असतात. उतारावर एकेक, चहाला सगळे.

३३. तुला मैत्रिणींबरोबर घोळक्यात गप्पा मारत चालायला आवडतं, ते इतर वाटांवर खुशाल – बर्फाच्या तीव्र उतारावर घोळक्याचं वजन एका जागी पडतं.

३४. उतार पार करण्याआधी सॅकचा कमरेचा पट्टा सोड आणि काठ्यांच्या फिती मनगटातून काढ – अडकलेली काठी हाताला खाली ओढते.

३५. ट्रान्सीव्हर तळावरून निघतानाच चालू कर, जाकिटाच्या आत बांध, आणि फोन त्याच्यापासून वीतभर लांब ठेव – फोनमुळे त्याचा संदेश बिघडतो.

३६. उताराच्या मध्यावर फोटोसाठी थांबू नकोस. फोटोची हौस आहे तुला, आणि ती असावीच, पण पलीकडे पोचल्यावर – जितका कमी वेळ उतारावर, तितका धोका कमी.

३७. पुढच्या गटाच्या पावलांचे ठसे म्हणजे परवाना नव्हे – त्यांच्या वजनानं जे सुटलं नाही ते तुझ्या वजनानं सुटू शकतं. हौसेनं डोंगरात गेलेली माणसं अडकतात त्या दहा हिमस्खलनांतली नऊ त्यांच्या किंवा त्यांच्या गटातल्या कुणाच्या तरी वजनानं सुटलेली असतात.

३८. गाडीनं फिरायला गेलीस तरी पाटी पाळ – ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यावर परवानगी तेराव्या मैलापर्यंतच होती, पर्यटक पंधराव्या मैलाकडे गेले, आणि हिमस्खलनात सात जण गेले. त्यातलं कुणी गिर्यारोहण करायला आलेलं नव्हतं.

३९. तंबू लावायची जागा उजेडात ठरव आणि वरचा उतार बघूनच ठरव – रात्रभर आठ तास एका जागी झोपायचं असतं, दिवसातला सगळ्यात लांब मुक्काम तोच.

उतार सुटलाच तर

४०. ओरड, काठ्या फेक आणि बाजूला निसटायचा प्रयत्न कर – मधल्यापेक्षा कडेचा बर्फ कमी वेगानं येतो, आणि तुझा आवाज ऐकून इतरांची नजर तुझ्यावर येते.

४१. वेग मंदावतोय असं वाटलं की एक हात तोंडासमोर आण – बर्फ थांबताक्षणी घट्ट होतो, मग बोटही हलत नाही. तोंडापुढं राहिलेली पोकळी हाच तुझा श्वास.

४२. तू वर राहिलीस आणि सोबतचा गाडला गेला, तर तो शेवटचा कुठं दिसला ती जागा डोळ्यांत धर, पुन्हा काही सुटणार नाही ना बघ, आणि सगळ्यांचे ट्रान्सीव्हर शोधण्यावर लाव – एकाचंही संदेश पाठवत राहिलं तर सगळे त्याच्याच मागे फिरतात.

४३. मदत आणायला खाली पळू नकोस. एकानं ११२ लावावा, बाकीच्यांनी शोधावं – पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांतले नऊ जगतात, अर्ध्या तासानंतर तिघांतला एक.

४४. प्रोब लागला की त्याच्या उताराच्या खालच्या बाजूनं आडवं खण, डोक्यावर उभं राहून नको – वरून खणलं तर त्याच्यापुढची हवेची पोकळी दबते.

४५. आधी तोंड आणि छाती मोकळी कर, मग बाकी अंग. बाहेर काढल्यावर आडवंच ठेव, हलक्या हातानं हलव, कोरडं गुंडाळ – थंडीनं अर्धमेल्या हृदयाला धक्का सोसत नाही.

४६. वेळ गेला तरी आस सोडू नये – २०१६ मध्ये सियाचीनला लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी बर्फाखालून जिवंत निघाले. पुढं ते वाचले नाहीत, पण शोधणारे थांबले नव्हते म्हणून ते आपल्या माणसांच्या हातांत तरी आले.

मनाचं

४७. ‘मी कोर्स केलाय’ हे उताराला ऐकू येत नाही – ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलनात सापडले. २७ मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. तयारीची माणसं होती ती. त्यांच्यासाठी हात जोड आणि आपला अभिमान खाली ठेव.

४८. तरी कोर्स कर, नक्की कर. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग, कुठंही बेसिक कोर्स मिळेल – महिनाभर बर्फात राहिल्याशिवाय बर्फाचा स्वभाव कळत नाही, आणि भीती नेमकी कुठं बाळगायची तेही कळत नाही.

४९. निघतानाच ठरव की कुठल्या खुणा दिसल्या तर आणि किती वाजता मागे फिरायचं, आणि ते सगळ्यांसमोर बोल – वर गेल्यावर थकलेलं डोकं फक्त माथ्याच्या बाजूनं बोलतं.

५०. गटातल्या सगळ्यात नवख्याला ‘नको’ म्हणायचा हक्क द्या, आणि एकानं नको म्हटलं की सगळ्यांनी वळा – मनात शंका आलेला माणूस बहुतेक वेळा संकोचानंच गप्प राहतो.

५१. पैसे भरले, रजा काढली, पुन्हा कधी येणं होईल, ही तिन्ही कारणं खरी आहेत, पण उताराशी त्यांचा संबंध नाही – बर्फ तुझी रजा मोजत नाही.

५२. मागं फिरण्याची लाज बाळगू नकोस. आपल्या शहराच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टचा माथा हाकेच्या अंतरावर आलेला असताना हवामान बिघडलं म्हणून परतल्या, आणि २०१८ मध्ये पोचल्या – माघारी फिरला, तोच पुन्हा निघाला.

५३. परत आलीस की दोन दिवसांत वही पुरी कर: कुठं धप्प ऐकू आलं, कुठल्या बाजूला वाऱ्याचा बर्फ होता, कुठून वळलात. आणि ती वही पुढच्या महिन्यात त्याच वाटेनं जाणाऱ्या इथल्या पोरांना दे – बर्फाशेजारी राहणाऱ्यांना हे शहाणपण घरातून मिळतं, आपल्याला ते एकमेकांकडूनच घ्यावं लागतं.